तलाठी बाबा आणि लॅक्स्टनचं शिवार

इंग्लंडमधलं खेडं बघायचंय म्हटलं की इथे जो तो कॉट्सवोल्ड्सला पाठवतो. मधाच्या रंगाची दगडी घरं, ओढा, बदकं, टी रूम आणि पार्किंगला जागा नाही. छान आहे, नाही असं नाही, पण आई-बाबा दिवाळीनंतर लेस्टरला आमच्याकडे आले तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच गाव होतं. बाबांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी बसमधून जाताना हा माणूस डोंगर बघत नाही, कोणाचा बांध कोणाच्यात सरकलाय ते बघतो. त्यांना बदकं दाखवून काय उपयोग.

म्हणून लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायरमधलं छोटंसं गाव, फार कोणाला माहीत नाही. पण मध्ययुगातली तीन मोठ्या उघड्या शेतांची पद्धत तिच्या गावकोर्टासकट अजून चालू असलेलं इंग्लंडमधलं हे एकच गाव आहे. नोव्हेंबरच्या शेवटाला एका गुरुवारी तिथे ज्युरी डे असतो, त्या दिवशी गावचे पंच शेतात जाऊन हद्दी तपासतात. बाबांना एवढंच सांगितलं, तर आदल्या रात्रीच बूट पुसून दाराशी ठेवलेले.

बुधवार: नेवर्क, आणि उजेड संपायच्या आत लॅक्स्टन

लेस्टरहून ए४६ ने सरळ नेवर्क, तासाभराचा रस्ता. नेवर्कला ट्रेंट नदीच्या काठावर किल्ल्याची उंच भिंत उभी आहे, याच किल्ल्यात १२१६ साली किंग जॉन वारला, तोच तो रॉबिन हूडच्या गोष्टीतला दुष्ट राजा, आणि त्याच्या आदल्याच वर्षी मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेवर, त्याला मान तुकवावी लागली होती. पुढे सतराव्या शतकात राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात हे गाव राजाच्या बाजूने तीन वेढे सोसून उभं राहिलं आणि १६४६ मध्ये राजानेच शरण जायला सांगितलं म्हणून शरण गेलं. गावकरी काय म्हणाले असतील त्या दिवशी कोण जाणे. आईला किल्ल्यापेक्षा बाजारचौक आवडला, फरसबंदी, भोवती जुन्या लाकडी चौकटींची घरं, आणि स्टॉलवरची बीटरूटं बघून म्हणाली यांची बीटरूटं आपल्या नारळाएवढी.

तिथून लॅक्स्टन अर्ध्या तासावर. नोव्हेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो हे इथल्या माणसालाही दरवर्षी नव्याने कळतं, म्हणून आधी टेकडीवर गेलो. चर्चच्या मागून पायवाट जाते, दोन गेटं ओलांडायची, आणि समोर नॉर्मन काळातल्या किल्ल्याची उंच मातीची टेकाडी. दगड एकही दिसत नाही, नुसतं गवत, मेंढ्या आणि खंदकाचे खळगे. एके काळी शेरवुडच्या शाही जंगलाची राखण करणारे अधिकारी या किल्ल्यात राहायचे. आज तिथे एक मेंढी आमच्याकडे बघत उभी होती आणि हलायला तयार नव्हती.

वरून गाव बघितलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. इंग्लंडमध्ये एरवी शेतकऱ्याचं घर गावाबाहेर, आपल्या शेताच्या मधोमध, एकटं असतं. इथे सगळे वाडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून, लाल विटांचे, लाल कौलांचे. आणि बरीचशी घरं रस्त्याकडे तोंड करून नाहीत, बाजूची भिंत रस्त्याला लावून उभी आहेत, आत अंगण, गोठे, धान्याची कोठारं. मला आधी वाटलं थंडीमुळे असेल. पण कारण जमिनीत आहे. ज्याची शेती एका जागी नाही, चार दिशांना तुकड्या-तुकड्यांनी पसरलीय, त्याने शेतावर घर बांधायचं तर कुठल्या शेतावर? त्याला गावातच राहणं सोयीचं.

संध्याकाळी डव्हकोट इनमध्ये जेवलो. गावात पब हा एकच, उद्याची सगळी कार्यवाही पण इथूनच. मी पाय (pie) आणि मटार, बाबांनी मासा, आईने सूप आणि ब्रेड घेतला आणि शेवटी ॲपल क्रम्बलवर गरम कस्टर्ड आलं ते तिघांनी मिळून खाल्लं. आई म्हणाली सफरचंद आंबट आहे, पण चांगलं आंबट. ते ब्रॅम्ली जातीचं होतं, त्याची गोष्ट शनिवारी.

टिपा: गावात आम्हाला किराणा दुकान दिसलं नाही, पाणी आणि तोंडात टाकायला काहीतरी नेवर्कहून किंवा ओलर्टनहून घेऊन या. बसवर विसंबू नका, गाडी हवीच. पबच्या किचनची वेळ फोन करून विचारा, इंग्लंडमधल्या खेड्यात दुपारी अडीच ते संध्याकाळी सहा ही उपाशी राहायची वेळ असते.

गुरुवार: ज्युरी डे

रात्रभर पाऊस. सकाळी थांबला पण ढग इतके खाली की चर्चचा मनोराही अर्धाच दिसत होता. पबच्या आवारात एक छोटं व्हिजिटर सेंटर आहे, फुकट, आत नकाशे आणि माहितीचे तक्ते, आधी ते बघून घ्या म्हणजे पुढचं सगळं कळतं. बाबा तिथल्या १६३५ च्या नकाशाच्या प्रतीसमोरून हलेचनात. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तेव्हाच्या जमीनदारासाठी, सर विल्यम कोर्टनसाठी, अख्ख्या गावाची मोजणी केली, प्रत्येक पट्टी, कोणाची, किती लांब, आणि वर रंगीत चित्रं, नांगरणारे बैल, कापणी करणारी माणसं. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. बाबा नाक काचेला लावून म्हणाले, "शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते तेव्हा ही मोजणी झालीय, आणि आमच्या इथं गट नंबर जुळत नाहीत अजून."

आता पद्धत थोडक्यात. गावाची तीन मोठी शेतं, वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड. एकेक शेत म्हणजे शेकड्यात एकर, आणि आत कुंपण नाही, झुडपांची रांग नाही, काही नाही. प्रत्येक शेतात पट्ट्या, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या, म्हणजे चांगली जमीन एकालाच आणि पाणथळ दुसऱ्यालाच असं होत नाही. तीन वर्षांचं चक्र. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पूर्वी पडीक ठेवायचे, आता तिथे गवत किंवा चाऱ्याचं पीक घेतात. पुढच्या वर्षी चाक एक घर पुढे. पूर्वी पीक निघालं की सगळ्या गावाची जनावरं त्या रानात सुटायची, म्हणून एकाने मनाला येईल तेव्हा पेरलं, एकाने कापायला उशीर केला, तर सगळं गाव अडायचं. त्यामुळे कधी काय करायचं हे गाव ठरवायचं, त्यासाठी कोर्ट. पट्ट्या पूर्वी खूपच बारीक होत्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र करून मोठ्या केल्या, नाहीतर आजचा ट्रॅक्टर त्यात वळलाही नसता.

त्या वर्षी ज्या शेतात गहू पेरलाय तेच शेत ज्युरी तपासते. सकाळी ज्युरी पबपाशी जमली. ज्युरी म्हणजे गावचेच शेतकरी, बहुतेकांच्या अंगावर तेच ते मळके जॅकेट आणि गुडघ्यापर्यंत बूट, सगळे ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये चढले, सोबत लाकडी खुंट, हातोडा, कुदळ. आमच्यासारखे बघे मागून चालत. चिखल असा की एक पाऊल काढलं तर दुसरं अडकतं. आईने दहाव्या मिनिटाला जाहीर केलं की तिला चर्च बघायचंय आणि ती गेली.

शेतात पोचल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "बांध कुठाय?"

बांध नाहीच. लांबच लांब हिरवे कोंब, कुठेतरी पेरणीच्या ओळीत किंचित फरक, आणि टोकाला एक खुंट. त्या खुंटापासून समोरच्या खुंटापर्यंत डोळ्याने रेघ ओढायची, ती हद्द. आमच्यासोबत एक म्हातारे शेतकरी चालत होते, आता मुलगा शेती बघतो, ते स्वतः पूर्वी ज्युरीवर होते. मी बाबांचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले बांध घातला तर तेवढं पीक जाईल. बाबा म्हणाले विचार, मग शेजारी नांगर सरकवत नाही का? म्हातारबुवा एवढे हसले की खोकला आला. म्हणाले, सरकवतो की, नाहीतर आज आम्ही या थंडीत इथे कशाला आलो असतो.

मग आम्ही बघितलं. ज्युरीतले दोघं एका टोकाला, दोघं दुसऱ्या टोकाला, मधले हात करून डावीकडे उजवीकडे सांगतायत, जुना खुंट कुजलेला किंवा नांगरात गेलेला, नवा ठोकला. मग पट्टीच्या कडेला गवताचा एक लांब पट्टा होता, त्याला इथे साइक म्हणतात. ओलसर, उताराची जागा, पूर्वी नांगर तिथे चालत नसे म्हणून गवतच राहिलं, ते सामायिक. उन्हाळ्यात या साइकमधल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळे तिथे रानफुलं एवढी टिकलीत की आता त्याला सरकारी संरक्षण आहे. तर या साइकमध्ये कोणाचा तरी नांगर हातभर आत आला होता. सगळे त्या जागी थांबले, वाकून बघितलं, कोणी काही बोललं नाही, एकाने वहीत लिहिलं. ज्याची पट्टी तो तिथेच उभा होता की नाही मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. बाबा मात्र पावलं टाकून मोजायला लागले, त्यांची सवय, आणि ते म्हातारेबुवा कौतुकाने बघत राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पुढे अर्धा तास दोघं हातवाऱ्यांवर बोलत होते आणि मला कोणी विचारत नव्हतं.

दुपारी ज्युरी पबमध्ये परत, जेवण आणि दंडाची चर्चा. पुढच्या गुरुवारी त्याच पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे ते गावकोर्ट, भरतं, जमीनदाराचा प्रतिनिधी अध्यक्ष, हजेरी, दंडवसुली, पुढच्या वर्षीची ज्युरी नेमणं. दंड काही पौंडांचा असतो, पण पैशाचा प्रश्न नाही, गावासमोर नाव वाचलं जातं. आणि हे नाटक नाही बरं का. इंग्लंडमधल्या असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार १९७७ च्या एका कायद्याने काढून घेतले, बाकी ठिकाणी उरली ती झगे आणि मिरवणुका. लॅक्स्टनच्या कोर्टाचे अधिकार तेवढे राहू दिले.

पण जमीन कोणाची? इथे बाबांना खरा धक्का बसला. जवळजवळ सगळे शेतकरी कुळं आहेत. मालक एकच. आधी पिअरपॉन्ट घराणं, म्हणजे अर्ल मॅनव्हर्स. १९५२ मध्ये त्यांनी सरकारच्या शेतीखात्याला विकली, ही पद्धत टिकावी या अटीवर. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेली आणि २०२० मध्ये परत थोर्सबी इस्टेटने घेतली, म्हणजे फिरून त्याच घराण्याच्या वारशाकडे. रात्री बाबांनी निकाल दिला, "कुळं आहेत म्हणून चालतंय. हीच माणसं मालक असती तर पहिल्या वर्षी प्रांताकडं अपील, दुसऱ्या वर्षी हायकोर्ट." मला ते पटलं होतं, पण सकाळी नाश्त्याला तो विषय काढला तर आम्ही उतरलो होतो त्या बीअँडबीच्या बाईंनी लगेच खोडून काढला. त्यांचं म्हणणं, जुन्या काळी इथे स्वतःच्या मालकीच्या पट्ट्या असलेले कितीतरी लोक होते आणि तेही याच कोर्टात बसायचे, दंडही भरायचे. बाबांनी त्यावर फक्त टोस्टला लोणी लावलं.

बाकीच्या इंग्लंडमध्ये हे का मोडलं तर एन्क्लोजर. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून जास्त कायदे केले, गावागावाच्या उघड्या जमिनी एकत्र करून, वाटून, कुंपण घालून एकेकाच्या नावावर. आज इंग्लंड म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती हिरव्या कुंपणांची चौकोनी शेतं, ती बरीचशी त्यातूनच आली. उत्पन्न वाढलं हे खरं, पण ज्याच्याकडे दोन पट्ट्या आणि सामायिक रानात एक गाय चारायचा हक्क होता त्याला वाटणीत एवढासा तुकडा आला, वर कुंपणाचा खर्च त्याच्याच डोक्यावर. त्याने विकला आणि मजुरीला गेला. लॅक्स्टनमध्ये दोन मोठ्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही म्हणून एन्क्लोजर पूर्ण झालंच नाही असं सांगतात. म्हणजे मोठ्यांच्या भांडणात छोट्यांचं भलं, असंही कधीतरी होतं.

आई चर्चमधून खूश होऊन आली. सेंट मायकल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याचे झोपलेले दगडी पुतळे आहेत आणि त्यात एका बाईचा लाकडी. चौदाव्या शतकातलं लाकूड, नॉटिंगहॅमशायरमध्ये तेवढा एकच असा. तिथे फुलं बदलायला आलेल्या एका आजींनी आईला सगळं चर्च फिरवून दाखवलं आणि दोघींनी गुडघेदुखीवरही चर्चा केली, कुठल्या भाषेत ते देव जाणे. आजींची मुलं दोघंही शहरात. त्या म्हणाल्या पूर्वी रस्त्यावरून गाई जायच्या तेव्हा घड्याळाची गरज नव्हती, आता सकाळी आठला नेवर्कच्या स्टेशनकडे जाणाऱ्या गाड्यांवरून वेळ कळते.

गावात पिनफोल्ड पण आहे, म्हणजे आपला कोंडवाडाच, दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर आणून कोंडायचं आणि मालकाने पैसे भरून सोडवायचं. बाबांनी त्याच्या आत उभं राहून फोटो काढून घेतला.

टिपा: ज्युरी डेची तारीख आधी तपासा. वेलिंग्टन बूट हवेतच, ट्रेकिंग शूज चालणार नाहीत, जाडे मोजे दोन जोड. तिन्ही शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात, वर्षभर चालता येतं, पण पायवाट सोडून पिकात जाऊ नका. रानफुलं बघायची तर जूनमध्ये या. गावाला लागूनच नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या आठवणीसाठी, १९९५ पासून. आम्ही गेलो नाही, तिथे अर्धा दिवस आणि शांत डोकं दोन्ही हवं.

शुक्रवार: ईकरिंग, वेलो, आणि दिवसभर पाऊस

प्लॅन शेरवुडच्या जंगलात जायचा होता, पण पाऊस बघून आईने नाही म्हटलं. मग शेजारच्या ईकरिंगला गेलो, दहा मिनिटांवर, आणि माझ्या मते सगळ्या ट्रिपमध्ये न ठरवता मिळालेली ही सगळ्यात भारी जागा.

डर्बीशायरमधल्या ईम गावाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. १६६५-६६ मध्ये प्लेग आला तेव्हा गावाने स्वतःला कोंडून घेतलं, रोग शेजारी जाऊ नये म्हणून. सुमारे २६० माणसं गेली. हे करायला गावाला तयार करणारा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन, त्याची बायको कॅथरीनसुद्धा त्यात गेली. गोष्ट साधारण इथेच संपवतात. पण मॉम्पेसन जगला, आणि काही वर्षांनी त्याची बदली झाली ती या ईकरिंगला. आणि ईकरिंगचे लोक त्याला गावात येऊ देईनात! प्लेगवाला पाद्री नको. म्हणून तो सुरुवातीला रफर्डच्या रानात झोपडीत राहिला आणि गावाबाहेर एका ॲशच्या झाडाखाली प्रार्थना घ्यायचा. हळूहळू लोकांची भीती गेली, मग तो तिथेच राहिला, १७०९ मध्ये वारला, ईकरिंगच्याच चर्चमध्ये पुरलाय. झाडाच्या जागी आता शेतात एक दगडी क्रॉस आहे. आम्ही छत्र्या सांभाळत तिथपर्यंत गेलो. आई बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आणि यांच्याच चर्चमध्ये पाटी लावली असेल ना, थोर म्हणून." लावलीय.

त्याच ईकरिंगजवळ ड्यूक्स वुड नावाचं रान आहे, झाडांमध्ये तेल उपसायचे जुने पंप उभे आहेत, मान हलवणारे. इंग्लंडच्या मधोमध तेलविहीर! १९३९ मध्ये इथे तेल लागलं आणि युद्धात ते गुपित ठेवलं. १९४३ मध्ये ओक्लाहोमाहून ४२ अमेरिकन ड्रिलर गुपचूप आणले आणि त्यांना ठेवलं कुठे, तर केलम हॉलमध्ये, जिथे ख्रिस्ती साधू राहायचे. म्हणजे एका बाजूला प्रार्थनेतले साधू आणि दुसऱ्या बाजूला तेलाने माखलेले, शिव्या देणारे, बारा बारा तास राबणारे रांगडे. वर्षभरात त्यांनी १०६ विहिरी खणल्या. एक जण मनोऱ्यावरून पडून गेला. बाबांना मॉम्पेसनपेक्षा हे आवडलं. मी म्हटलं गावाचा इतिहास म्हणजे फक्त राजे आणि चर्च नाही हे पटलं ना, तर म्हणाले, "विहिरींची नोंद कुणाच्या खात्यावर?"

परत येताना वेलो. गावच्या हिरवळीवर उंच मेपोल कायमचा उभा आहे, दर वर्षी मे महिन्यात पोरं त्याभोवती फिती गुंडाळत नाचतात. नोव्हेंबरच्या पावसात तो नुसताच रंगीत खांब. पाच मिनिटं थांबलो, चहा प्यायलो, निघालो.

टिप: ड्यूक्स वुडमध्ये पानांखाली चिखल आणि मुळं, निसरडं आहे, वयस्कर माणसांना काठी द्या.

शनिवार: साउथवेल आणि घरी

साउथवेल छोटं गाव, पण मधोमध कॅथेड्रल, साउथवेल मिन्स्टर. पुढच्या दोन मनोऱ्यांवर टोकदार टोप्या, आणि आत चॅप्टर हाऊस नावाची खोली चुकवू नका. तेराव्या शतकाच्या शेवटाला कोणी कारागिरांनी खांबांच्या डोक्यावर दगडात पानं कोरली. नक्षीची पानं नाहीत, ओळखू येणारी, ओक, हॉथॉर्न, आयव्ही, द्राक्ष. सातशे वर्षांपूर्वी त्या माणसाने रस्त्यावरून फांदी तोडून आणून समोर ठेवली असणार याची खात्री पटते.

मग वर्कहाऊस. गावाच्या कडेला मोठी विटांची इमारत, १८२४ मध्ये रेव्हरंड बीचर या पाद्र्याच्या कल्पनेतून बांधलेली, आसपासच्या गावांतल्या गरिबांसाठी. मदत हवी तर इथे येऊन राहायचं. आल्यावर नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. अंगणं वेगळी, जिने वेगळे, एकमेकांची तोंडंही दिसू नयेत असं बांधकाम. धडधाकट असाल तर जुने दोर उकलण्यासारखी कंटाळवाणी कामं. उद्देश असा की इथे यायची इच्छाच होऊ नये. १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने देशभर वर्कहाऊस झाली त्यात या इमारतीचा नमुना समोर होता. गुरुवारी मी जी दोन पट्ट्या आणि एक गाय म्हटलं, त्यातले सगळे इथे आले असं नाही, नेपोलियनच्या युद्धांनंतरची मंदी होती, लोकसंख्या वाढली होती, बरंच काही होतं. पण ज्याच्याकडे काहीच जमीन उरली नाही त्याचा म्हातारपणी शेवटचा रस्ता इथे यायचा. मुलांच्या खोलीतून बायकांचं अंगण दिसतं का हे आईने प्रत्येक खिडकीतून बघितलं. ही जागा १९७० च्या दशकापर्यंत बेघर आया आणि मुलांना तात्पुरतं ठेवायला वापरात होती, ते वाचून आम्ही तिघंही गप्प झालो. आता नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आहे. थंडीत उघडायचे दिवस कमी असतात, आधी बघून या.

आता ब्रॅम्ली. १८०९ मध्ये साउथवेलच्या मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने कुंडीत सफरचंदाच्या बिया लावल्या. झाड मोठं झालं, ती लग्न होऊन गेली. १८४६ मध्ये घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा नर्सरीवाला फांद्या मागायला आला, ब्रॅम्ली म्हणाला ने, पण नाव माझं लागलं पाहिजे. ज्याने लावलं नाही, वाढवलं नाही, त्याचं नाव जगभर. बाबा लगेच, "फेरफार बरोबर झाला नाही की असं होतं." मूळ झाड अजून आहे पण बुरशीने मरत चाललंय, खाजगी जागेत आहे, उगाच शोधत जाऊ नका. मिन्स्टरमध्ये ब्रॅम्लीची रंगीत काचेची खिडकी आहे, ती बघा.

बाजारातून आईने ब्रॅम्लीची पिशवी भरून घेतली. लॅक्स्टनचं कोर्ट पुढच्या गुरुवारी होतं आणि बाबांची फ्लाईट त्याच्या आधी, त्यामुळे साइकमध्ये नांगर घालणाऱ्याला किती दंड झाला ते मला कळवायचं काम मिळालंय.

ज्यांना नोव्हेंबरात कैरी मिळत नाही त्यांच्यासाठी: ब्रॅम्लीचा मेथांबा फक्कड होतो. साल काढायची, फोडी जरा मोठ्या ठेवायच्या कारण हे सफरचंद शिजलं की लगेच विरघळतं, मोहरी-मेथीची फोडणी, हळद, तिखट, मीठ, आणि गूळ अगदी शेवटी. झाकण ठेवू नका, पाणी फार सुटतं. आईने पहिल्या घाण्याला गूळ कैरीच्या अंदाजाने घातला तो कमी पडला, दुसऱ्या वेळी जवळपास दीडपट घातला तेव्हा जमलं.